समेटाची बैठक, तिच्याआधीचे दोन महिने आणि नंतरच्या दोन जत्रा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात चौघा विद्यार्थ्यांनी मिळून 'संघर्षातून सावरणाऱ्या समाजात गावपातळीवर शांतता कशी उभी राहते' हा विषय घेतला आहे. पूर्व तिमोर आणि रवांडाबद्दल वाचून झाले आहे, पण प्रत्यक्ष शिकायचे कुठे आणि कसे, हे कळत नाही. शिवाय त्यांच्याच तालुक्यातल्या एका गावात पालखीच्या मानावरून मारामारी झाली आणि दोन वर्षे जत्रा बंद राहिली. यंदा ती पोलीस बंदोबस्तात पार पडली, तरी वरचा वाडा आणि खालचा वाडा, या गावातल्या दोन वस्त्या, अजून एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत. तिथे आपण काही करू शकतो का, असेही त्यांनी विचारले आहे.

दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो, कारण एकाचे उत्तर दुसऱ्यात आहे. आधी एक खबरदारी: तिमोरमध्ये माणसे मारली गेली, गावेच्या गावे जळली, इथे डोकी फुटली. दोन्ही एका तराजूत घालू नका, प्रबंधात तर मुळीच नाही. मात्र दोन्हीकडे मारणारा आणि मार खाणारा शेजारी आहेत आणि उद्या सकाळी त्यांना एकाच वाटेने जायचे आहे. ही विद्या त्या वाटेपुरती आहे. देशाचे राजकारण किंवा कोर्टातला न्याय ती सोडवत नाही आणि तसा आव तिने आणू नये.

नवीन माणूस या विषयात शिरला की सरळ बैठकीकडे धावतो. दोन्ही बाजू एका खोलीत आणल्या, बोलणे झाले, हात मिळवले, फोटो निघाला की काम फत्ते, असे त्याला वाटते. सगळ्या कामात बैठकीचा वाटा सर्वांत लहान असतो. तिच्याआधी दीड-दोन महिने घरोघरी ऐकण्याचे काम आणि तिच्यानंतर किमान दोन जत्रा सरेपर्यंतची राखण, हा खरा अभ्यासक्रम आहे. कोणत्याही देशाचे उदाहरण वाचताना बैठकीचे वर्णन पटकन उलटा आणि आधी काय झाले, नंतर कोण फिरकले, हे शोधा.

तिमोरपासूनच सुरुवात करू. गोमंतकीय वाचकाला तो देश तसा परका नाही. १८४४ पर्यंत तिमोरचा पोर्तुगीज कारभार गोव्यातून चालत होता आणि 'आल्देया' हा शब्द तिथल्या वाड्यालाही लावतात. १९७५ मध्ये इंडोनेशियाने तो प्रदेश ताब्यात घेतला. ३० ऑगस्ट १९९९ रोजी जनमत झाले आणि ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. त्या वर्षी इंडोनेशियाधार्जिण्या सशस्त्र टोळ्यांनी जो धुमाकूळ घातला, त्यात सुमारे १,४०० माणसे गेली आणि लाखो लोक घरदार सोडून पळाले. टोळ्यांत सामील झालेले बरेच जण त्याच गावांतले होते. सीमेपलीकडच्या, इंडोनेशियातल्या पश्चिम तिमोरमधल्या छावण्यांतून ते परतू लागले, तेव्हा गावाने त्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. २००२ मध्ये काम सुरू केलेल्या आयोगाच्या नावातच त्याचे उत्तर आहे: स्वागत, सत्य आणि समेट आयोग. स्वागत हा शब्द पहिला.

आयोगाने नवी पद्धत शोधून काढली नाही. गावात चालत आलेली 'नाहे बिती', म्हणजे चटई अंथरण्याची रीत त्याने घेतली. भांडण मिटवायचे तर गावात मोठी चटई अंथरायची, दोन्ही बाजू तिच्यावर बसवायच्या आणि निकाल लागेपर्यंत ती गुंडाळायची नाही. बोलणे चालवणारा तो 'लिया-नाइन', शब्दाचा धनी. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालणाऱ्याला जे वजन असते, तसेच काहीसे त्याचे. या जुन्या रीतीला आयोगाने कायद्याची चौकट जोडली, आणि ती नीट पाहिली तर पुष्कळ शिकता येते.

ज्याला गावात परत यायचे आहे त्याने आपण काय केले ते आधी लेखी द्यायचे. हा जबाब प्रथम सरकारी अभियोक्त्याच्या कार्यालयात जाई. खून, बलात्कार, छळ यांसारखा गुन्हा दिसला तर प्रकरण चटईवर येतच नसे, ते न्यायालयाचे होई. घर जाळणे, चोरी, मारहाण, धमकावणे एवढेच गावाकडे येई. मग तीन ते पाच स्थानिकांचे मंडळ बसे, त्यात स्त्रियांना जागा ठेवलेली असे. उघड्यावर सर्वांसमोर कबुली, प्रश्न, ज्याचे नुकसान झाले त्याचे बोलणे आणि शेवटी करार: शाळेची डागडुजी, ठरावीक दिवस श्रमदान, नुकसानीची भरपाई किंवा जाहीर क्षमायाचना. हा करार जिल्हा न्यायालयात नोंदवला जाई आणि तो पाळला की त्या कृत्याबद्दल खटला चालत नसे. या वाटेने १,३७१ जण आपापल्या गावांत परतले.

आता त्यातली खोट. सोहळा परत येणाऱ्याभोवती फिरे. ज्याचे घर जळले त्याला तयारीला वेळ कमी मिळे आणि सगळा गाव बघत असताना 'माफ केले नाही' म्हणायची सोय फारशी नसे. शिवाय मोठे गुन्हे करणारे सीमेपलीकडे सुखरूप राहिले, त्यामुळे लहान माणसाने चटईवर मान खाली घातली आणि हुकूम देणारा सुटला, ही सल मागे उरली. आयोगाचा अहवाल २००५ मध्ये पूर्ण झाला. त्याचे नाव 'शेगा', पोर्तुगीजमध्ये 'पुरे झाले'. पूर्ण वाचायला महिने लागतील. त्याचा नववा भाग गावसमेटाबद्दल आहे, तो आधी वाचा आणि प्रत्येक प्रकरणात एकच प्रश्न विचारा: सोसणाऱ्याला नाही म्हणता आले असते का?

त्याच देशात २००६ मध्ये पुन्हा आग लागली. सैन्यातून काढलेल्या सुमारे ६०० जणांच्या तंट्यातून दिली या राजधानीच्या शहरात पूर्वेचे विरुद्ध पश्चिमेचे असे रण पेटले आणि दीड लाखाच्या आसपास माणसे छावण्यांत गेली. पुढे सरकारने घर पूर्ण उद्ध्वस्त झालेल्यांना ४,५०० डॉलरपर्यंत मदत दिली आणि सोबत संवादपथके पाठवली. पैशाने छावण्या रिकाम्या झाल्या हे खरे. पण जे पळाले नव्हते, वस्ती धरून राहिले होते, त्यांना 'पळणाऱ्याला पैसे आणि आम्हाला काय' असे वाटू लागले. भरपाई वाटण्याआधी, ज्याला मिळणार नाही त्याच्याशी बोलून घ्यायचे असते, हा धडा तिथून घ्यावा.

रवांडाबद्दल थोडक्यात. १९९४ च्या वंशसंहारातल्या आरोपींसाठी गावोगाव भरलेल्या आणि २०१२ मध्ये बंद झालेल्या गचाचा न्यायसभांनी सुमारे १२,००० ठिकाणी बसून वीस लाखांच्या घरात प्रकरणे हातावेगळी केली. आकडा थक्क करणारा आहे, पण हजेरी सक्तीची होती आणि सत्तेवर असलेल्यांच्या सैनिकांनी केलेले गुन्हे त्या कक्षेत नव्हते. गावचे शेजारपण कसे सावरते हे त्यातून फार कळेल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा केनियातल्या वजीर जिल्ह्याचे उदाहरण मोलाचे आहे. तिथे नव्वदीच्या दशकात कुळाकुळांतली कापाकापी थांबवण्याची सुरुवात बाजारात बसणाऱ्या बायकांनी केली. पहिला ठराव एवढाच, की कोणत्याही कुळाची बाई बाजारात विकायला आणि घ्यायला मोकळी असेल, आणि त्यावर रोज नजर ठेवायला त्यांच्यातल्याच बायका. शस्त्रसंधी, वडीलधाऱ्यांची घोषणा हे सगळे त्यानंतर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसलेल्या बायकांकडे पाहिले की हे का चालले असेल ते कळते.

आणि दूर जायचे नसेल तर भिवंडी आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या समित्या दंगलीच्या भीतीने घाईघाईत जमवलेल्या नव्हत्या. नळ, गटार, किरकोळ तक्रारी यांसाठी त्या वर्षानुवर्षे भेटत होत्या, म्हणून गरज पडली त्या रात्री एकमेकांना ओळखत होत्या.

आता तुमच्या गावाकडे येऊ.

पहिले पंधरा दिवस काही 'करू' नका, ऐका. दोन-दोनच्या जोड्या करा, जोडीत एक मुलगी असावी. तिच्याशिवाय परसदारचे काहीच कळणार नाही. प्रत्येक वाड्यातली १० ते १२ घरे, शिवाय भांडणात नसलेली चार-पाच: पाव विकणारा पोदेर, नारळ पाडणारा पाडेली, अंगणवाडीची बाई, बसचा कंडक्टर. ही माणसे दोन्हीकडे जातात. पहिल्या दिवशी कोणाच्या घरी चहा घेतला हे संध्याकाळपर्यंत गावभर होते, तेव्हा दोन्ही वाड्यांत एकाच दिवशी सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटा ठेवा. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू नका. घरी येऊन त्याच रात्री टिपणे लिहा आणि त्यांत नावे घालू नका, खुणा घाला. संशोधकाच्या वहीला आपल्या कायद्यात कसलेही संरक्षण नाही, गुन्हा नोंद असेल तर ती मागवली जाऊ शकते. हे घरातल्या माणसांनाही आधीच सांगा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कानावर आले तर पोक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे. तिथे 'गुपित ठेवतो' हे वचन देता येत नाही, म्हणून कुठेच सरसकट तसे वचन देऊ नका.

विचारायचे काय? 'भांडण कशावरून?' असे विचारलेत तर पाठ केलेले उत्तर मिळेल. 'हे सुरू केव्हा झाले?' असे विचारा आणि दोन वाड्यांची सालवारी दोन वेगळ्या कागदांवर लिहा. कागद शेजारी ठेवलेत की भांडण दिसते. गोव्यात भाषेच्या वादावर हा प्रयोग करून पाहा. एक घर गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या १९६७ च्या जनमत कौलापासून सुरुवात करते, दुसरे डिसेंबर १९८६ च्या जाळपोळीपासून, तिसरे ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा विधेयक संमत झाले त्या दिवसापासून. घटना त्याच, पण जो जिथून मोजतो तिथे त्याला अन्याय दिसतो. कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले, मराठीच्या वापराची तरतूद ठेवली, कागद पूर्ण झाला. ज्या घरांत भाऊ भावाशी बोलेनासा झाला, त्या घरांत कोणी गेले नाही. आपल्यातल्या मराठीप्रेमींनी आणि कोकणीप्रेमींनी हे एकत्र बसून अजूनही लिहून काढावे, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या गावात एक वाडा म्हणेल, पालखी आमच्या तुळशीपाशी थांबली नाही त्या वर्षापासून. दुसरा म्हणेल, त्याआधी जत्रेच्या दुकानांची पावणी, म्हणजे लिलाव, आम्हाला न सांगता झाली तेव्हापासून. मानाच्या भांडणाखाली बहुधा पावणीचा हिशेब, कूळ-मुंडकारीची (कसणाऱ्याच्या आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्याच्या हक्काची) जुनी जमीन किंवा महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सभासदांच्या, यादीत नाव नसल्याचा सल निघतो. तो बैठकीत आणायचा की नाही हे नंतर ठरेल. माहीत मात्र हवा.

दुसरा कागद नकाशाचा. गावात चालत फिरा आणि दोन रंगांनी खुणा करा: कुठे माणसे अजून एकत्र येतात, कुठे येणे थांबले. नळ, स्मशान, शाळा, फुटबॉलचे मैदान, भजनाचा मांडव, दुकान, बसथांबा. खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांधाआडची शेती, असेल तर बांध आणि मानस (पाण्याचे दार) आधी पाहा. बांध फुटला की खारे पाणी वरचा-खालचा बघत नाही, म्हणून भांडणातही बांधाचे काम बहुतेक वेळा चालू राहते. जिथे चालू आहे त्याला हात लावू नका, तिथे शांततेचा फलक तर मुळीच लावू नका. तो धागा निमूट आहे म्हणून टिकला आहे.

याच फेरीत रोजच्या खुणा गोळा करा. 'संबंध सुधारले का?' याला उत्तर नसते. 'लग्नाचे आमंत्रण हातात देतात की कोणाकरवी पाठवतात?', 'मयताला खांदा द्यायला कोण येते?', 'भजनी सप्ताहात पाराला (भजनाच्या पाळीला) दुसऱ्या वाड्याचे टाळकरी बसतात का?', 'पोरे एकाच मैदानावर, पण एकाच संघात खेळतात का?' याला असते. अशा आठ-दहा खुणा गावाकडूनच काढून घ्या आणि तारखेसह नोंदवा. सहा महिन्यांनी त्याच खुणा पुन्हा पाहा. तुमच्या प्रबंधाचे मोजमाप हेच, गुणतक्त्यापेक्षा कितीतरी खरे.

यानंतरचा टप्पा सगळे जण टाळतात: प्रत्येक वाड्याची आपापसातली बैठक. बाहेरून एक दिसणारी बाजू आत तीन-चार तुकडे असते. म्हातारे मिटवायला तयार, ज्यांच्यावर गुन्हे नोंद आहेत ते तरुण बिथरलेले, मुंबईला असलेले महाजन फोनवरून आग घालणारे आणि बायकांना कोणी विचारलेलेच नाही. या आतल्या बैठका न घेता गावकार मंडळींनी, म्हणजे गावच्या मूळ मानकऱ्यांनी, परस्पर समेट केला, तर तो जत्रेच्या रात्री मोडतो. मोडणारे कोण हे दरवेळी एकच: ज्यांना चटईवर बोलावले नव्हते ते. म्हणून प्रत्येक बाजूने आपले सहा ते आठ जण स्वतः निवडावेत, त्यांत तिशीखालचे किमान दोन आणि बायका किमान दोन. बायका चहा देण्यापुरत्या नसाव्यात. हे आधी ठरवून घेतले नाही तर तसेच होते.

मग एकत्र बैठक. जागा देवळाचे सभागृह नको, पंचायतघर नको, भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, ओसरी तर नकोच. रविवारी रिकामा असलेला शाळेचा वर्ग चालेल, फक्त शाळेच्या व्यवस्थापनात कोण आहे ते पाहून घ्या. खुर्च्या मांडल्या की पहिली रांग तयार होते आणि पहिल्या रांगेचा मान आलाच. चटया अंथरा, गोल करा, गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन्ही बाजूंना सारख्याच खुर्च्या भिंतीशी. बारा ते सोळा माणसे, चालवणारे दोन, वेळ सकाळची, दोन तासांवर नाही. पंच, आमदार, पत्रकार कोणी नको. रविवारची ग्रामसभा ही या कामाची जागा नव्हे. तिथे इतिवृत्त होते, मोबाइल चालू असतात आणि माणूस समोरच्याशी न बोलता मतदाराशी बोलतो.

कौल लावावा का, हे प्रत्येक गावात विचारले जाते. माझे मत असे की बोलणी पूर्ण होऊन मसुदा ठरल्यावर दोन्ही बाजूंची इच्छा असेल तर जरूर लावावा. माघार घेणाऱ्याला देवाच्या शब्दापुढे वाकण्यात कमीपणा वाटत नाही, ही फार मोठी सोय आहे. बोलण्याऐवजी कौल लावला तर मात्र घोळ होतो. पुजारी कोणाच्या बाजूचा, प्रसाद उजवा पडला की डावा, यावरून नवे भांडण उभे राहते.

सगळे कौशल्य मसुद्यात पणाला लागते, तेव्हा जरा जवळून पाहू. गावोगावच्या समेटपत्रांत सापडते तसे वाक्य घ्या: 'यापुढे पालखी शांततेत व परंपरेप्रमाणे काढण्यात येईल.' ऐकायला छान. पण परंपरा कोणती, यावरूनच तर मारामारी झाली! हे वाक्य असे लिहायचे: 'पालखी रात्री ९ वाजता देवळातून निघेल. वरच्या वाड्यावर पिंपळाच्या पाराशी १५ मिनिटे आणि खालच्या वाड्यावर तुळशीपाशी १५ मिनिटे थांबेल. पहिले थांबणे एका वर्षी वरच्या, दुसऱ्या वर्षी खालच्या वाड्यावर. यंदा वरच्या.' दुसरे नेहमीचे वाक्य: 'दोन्ही बाजूंनी एकमेकांचा आदर राखावा.' आदर कोण मोजणार? त्याऐवजी: 'पालखी थांबलेली असताना दुसऱ्या वाड्याचे ढोल-ताशे वाजणार नाहीत.' तिसरे: 'पावणी सर्वांना विश्वासात घेऊन होईल.' त्याऐवजी पावणीची तारीख किती दिवस आधी आणि कुठे लावायची, पैसे मोजताना दोन्ही वाड्यांचे कोण दोघे-दोघे हजर असतील, हिशेब कोणत्या तिथीला वाचायचा, हे लिहा. प्रत्येक कलमाला पाच प्रश्न लावून बघा: कोण, काय, केव्हा, पाहणारा कोण, आणि मोडले तर पहिले पाऊल काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मसुद्यांत नसते. 'मोडल्यास पोलिसांत जाण्याआधी दोन्हीकडचे ठरलेले सहा जण २४ तासांत भेटतील' एवढे असले तरी पुष्कळ. मात्र मारहाण झाली तर हे कलम कोणाला तक्रारीपासून अडवत नाही, हेही तिथेच लिहा.

समेटपत्र मराठीत लिहा, कारण आपल्या भागात देवस्थानाचा कागद, आमंत्रण, गाऱ्हाणे याच भाषेत चालते. पण वाचून दाखवा आणि समजावून सांगा कोकणीत, घरात बोलतात तशा. 'उभयपक्षी' असले शब्द नकोत. प्रत्येक कलम वाचल्यावर एका वाड्याच्या माणसाने ते दुसऱ्या वाड्याला आपल्या शब्दांत सांगावे. समजुतीतला फरक तिथेच उघडा पडतो.

कायद्याचे भान ठेवा. मारामारीनंतर बहुधा परस्परविरोधी गुन्हे नोंद झालेले असतात. साधी दुखापत, वाट अडवणे यांसारखे गुन्हे ज्याला लागले त्याच्या संमतीने न्यायालयात मिटवता येतात, भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये त्यांची यादी आहे. दंगलीचे कलम त्या यादीत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी मिळून पर्वरीच्या उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याची विनंती करावी लागते आणि ती मान्य होईलच असे नाही. हे न सांगता 'समेट झाला, केस संपली' असे पोरांना सांगितले, आणि सहा महिन्यांनी समन्स आले, की सगळे मुसळ केरात. देवस्थानाच्या कारभाराचे विषय मामलेदाराच्या अखत्यारीत येतात, त्यांना समेटपत्राची प्रत द्या. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात गावा-वस्तीतल्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचे प्रकरण आहे: दोन्ही बाजूंची आगाऊ संमती, तीन मध्यस्थांचे मंडळ, आणि असा समेट दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. त्या कायद्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, म्हणून अर्जाआधी तालुका विधी सेवा समितीत जाऊन विचारा. बलात्कार, बालकांवरील अत्याचार, जातीवरून केलेला अत्याचार हे विषय कोणत्याही चटईवर घेऊ नका. गाव कितीही आग्रह करो, त्या वेळी उठून जाणे हेच तुमचे काम.

कोणाला माफी मागायला किंवा द्यायला लावू नका. नुकसान सोसलेल्याला आदल्या आठवड्यात एकट्याला भेटून तीन वाटा सांगा: बैठकीला यायचे, आपल्या वतीने कोणाला पाठवायचे, किंवा यायचेच नाही. तिन्ही सारख्याच मानाच्या. तिमोरच्या चटईवर हीच जागा कमी पडली.

सह्या झाल्या की बहुतेक कार्यकर्ते घरी जातात. इथून पुढचे काम कंटाळवाणे आहे आणि ते केले नाही तर आधीचे वाया जाते. दोन्ही वाड्यांचे तीन-तीन जण, एकमेकांचे फोन नंबर घेऊन. अफवा आली की अर्ध्या तासात दुसऱ्या बाजूच्या आपल्या जोडीदाराला फोन. माहीत नसेल तर 'माहीत नाही, पाहून सांगतो' हे उत्तरही चालते, फोन न उचलणे मात्र चालत नाही. बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतींच्या दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते उन्हाळ्यातल्या मिरवणुकांच्या दिवसांत असेच मोबाइल धरून उभे राहत. गावच्या मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर खुलासे देऊ नका, तिथे खुलाशाचीच अफवा होते. धोक्याच्या दिवसांचे कॅलेंडर भिंतीवर लावा: जत्रा, शिगम्याचा रोमट (ढोल-ताशांची मिरवणूक), मारामारीची तारीख, कोर्टाची तारीख, पंचायतीची निवडणूक, पावणी. प्रत्येकाच्या दहा दिवस आधी सहा जणांची भेट, अर्ध्या तासाची, काही विशेष नसले तरी.

समेट टिकलेला पाहायचा असेल तर फाल्गुनात दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला जा. फातर्प्याच्या देवीचा उत्सव कुंकळ्ळीत येतो, तेव्हा बारा वांगडांच्या, म्हणजे गावकार कुळांच्या, बारा छत्र्या निघतात आणि त्यात तिथल्या ख्रिस्ती गावकारांचाही मान धरलेला आहे. गुलालात फोटो काढत फिरू नका. एका जागी उभे राहून पाहा: छत्री कोण धरतो, कोण कोणाची वाट पाहतो, कुठे थांबतात, क्रम चुकला तर कोण पुढे होऊन दुरुस्त करतो. दोन-तीन पाने टिपणे निघतील. तुमच्या गावच्या पालखीचा मसुदा करताना ती उघडा.

वेळापत्रकाबद्दल: तुमच्या हातात एक शैक्षणिक वर्ष आहे. एवढ्यात समेट घडवण्याचे अंगावर घेऊ नका. ऐकणे, दोन सालवाऱ्या, नकाशा, रोजच्या खुणा आणि जमल्यास आतल्या बैठका, एवढे पुरते. पुढचे काम करणारी दोन माणसे गावातली असली पाहिजेत. भजनी मंडळातला कोणी, निवृत्त शिक्षिका, दोन्ही वाड्यांत सोयरीक असलेले घर, अशांत ती सापडतात. तुम्ही त्यांच्या मागे उभे राहा. आणि प्रबंध विद्यापीठात देण्याआधी त्यातला गावाचा भाग दोन्ही वाड्यांत वेगवेगळा, कोकणीत, मोठ्याने वाचून दाखवा. 'हे काढा' म्हणतील ते काढा, 'हे चूक आहे' म्हणतील तिथे दोन्ही म्हणणी शेजारी छापा. एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.